तुरीच्या दाण्याएवढी

जोधपूरला मे महिन्यात दुपारी तीन वाजता घरातली कुठलीच वस्तू हाताला गार लागत नाही. टाकीतलं पाणी चहाला अर्धं तापलेलंच येतं, खुर्चीचा पत्रा चटका देतो आणि कूलर नावाचं पत्र्याचं धूड खिडकीत घुरघुरत जी हवा आत ढकलतं तिच्यात थोडं पाणी असतं आणि बरीचशी वाळू. २०२३ च्या मे महिन्यात अशाच एका दुपारी आमच्या लेकीचा कॉम्प्युटर बंद पडला. वीज गेली नव्हती. तो आपणहून बंद पडला, दहा मिनिटांनी चालू झाला, आणि पुन्हा बंद पडला.

बारावीचा निकाल लागलेला होता. डिझाइनच्या कॉलेजला प्रवेशासाठी तिला आपल्या कामाचे नमुने पाठवायचे होते आणि त्यातला मुख्य नमुना होता चाळीस सेकंदांची एक अॅनिमेशन फिल्म. आमची काळी ट्रंक, पांढऱ्या रंगात माझं नाव आणि रँक लिहिलेली, दर बदलीला रँक खोडून पुन्हा लिहिलेली, ती देशभर फिरते अशी काहीतरी गोष्ट. ब्लेंडर नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये तिने ती बनवली होती. (मिक्सरशी संबंध नाही, हे मला आधी समजून घ्यावं लागलं.) सेकंदाला २४ चित्रं, चाळीस सेकंद, म्हणजे ९६० चित्रं. एकेक चित्र रंगवून काढायला कॉम्प्युटरला तीन मिनिटं, म्हणजे न थांबता दोन दिवस आणि दोन रात्री. सोमवारी संध्याकाळी पाचपर्यंत पाठवायचं होतं. तो दिवस गुरुवार होता, आणि कॉम्प्युटर वीस चित्रांपुढे जात नव्हता.

कॉम्प्युटर मीच जोडलेला. २०२० च्या जानेवारीत सुट्टीवर पुण्याला आलो होतो तेव्हा जेवणाच्या टेबलावर दोघांनी मिळून जोडला होता. रायझन ५ ३६००, सहा कोअरचा, त्याच्या डब्यातच मिळालेला अॅल्युमिनियमचा हीटसिंक आणि पंखा. तेव्हा ती नववीत होती, स्क्रू धरून उभी होती. नंतर मी वर गेलो. 'वर' म्हणजे कुठे हे फौजी वाचकांना सांगायला नको.

गुरुवारी रात्री जेवताना मी जाहीर केलं, "उद्या सकाळी मी बघतो."

ती म्हणाली, "बाबा, मी करते ना. पेस्ट बदलायला झाली असेल."

"तू झोप. मी ईएमईचा माणूस आहे."

हे वाक्य घरात याआधीही बऱ्याच वेळा बोललं गेलं आहे. मिक्सर, इस्त्री, गीझर, एकदा शेजारच्या मेजरची स्कूटर. बायकोने भाजी वाढता वाढता वर पाहिलं आणि काही बोलली नाही.

खरं तर ईएमईमध्ये ही पेस्ट मला फार आधी भेटली होती. कमिशन मिळून दीड वर्ष झालं असेल. वर्कशॉपमध्ये एक हवालदार होते, केरळचे, आम्ही सगळे त्यांना उस्ताद म्हणायचो. पॉवर सप्लाय दुरुस्तीला आला की त्यातले २एन३०५५ जातीचे ट्रान्झिस्टर, जाड लोखंडी टोपी घातलेले, हीटसिंकवर बसवायचे. मध्ये अभ्रकाची पातळ चकती आणि दोन्ही बाजूंना पांढरी पेस्ट. आम्ही तिला नुसतं 'कंपाउंड' म्हणायचो. सिलिकॉन तेलात झिंक ऑक्साइडची पूड घोटलेली असते. बोटाला लागली तर दुपारच्या पोळीपर्यंत जात नाही, युनिफॉर्मला लागली तर कायमची. मी नवा लेफ्टनंट, जास्त लावली तर जास्त गार राहील अशा हिशोबाने चांगलं लोण्यासारखं थापलं. उस्तादांनी ते पाहिलं, काही न बोलता चिंधीने पुसून टाकलं आणि बोटाच्या टोकाने असा हात फिरवला की पृष्ठभाग जेमतेम धुरकट दिसला. "साब," ते म्हणाले, "इतना लगाओ कि लगे, नहीं लगाया."

ही गोष्ट मी घरी जेवणाच्या टेबलावर इतक्या वेळा सांगितली आहे की बायको ती मल्याळी उच्चारांसकट सांगू शकते.

ज्यांनी हे काम कधी केलेलं नाही त्यांच्यासाठी मुद्दा थोडक्यात. प्रोसेसरच्या डोक्यावर धातूची टोपी असते, तिच्यावर हीटसिंकचा तळ दाबून बसवलेला असतो. दोन्ही डोळ्यांना आरशासारखे सपाट दिसतात, पण बारकाईने पाहिलं तर दोन्हीवर डोंगरदऱ्या असतात. शिखराला शिखर टेकतं, बाकी सगळीकडे हवा. तव्यावर पोळी टाकली की जिथे टेकते तिथेच डाग पडतात आणि फुगून वर उचललेला भाग पांढराच राहतो, तसं. उष्णता वाहून नेण्याची क्षमता मोजायचं एक माप आहे, वॅट प्रति मीटर-केल्विन. त्या मापात तांबं ४०० च्या आसपास, अॅल्युमिनियम २०० च्या वर, आणि स्थिर हवा ०.०२६. बाजारातल्या बऱ्या पेस्टवर ४ पासून १२ पर्यंत आकडे छापलेले असतात. म्हणजे पेस्ट हवेपेक्षा दोन-तीनशे पट चांगली आणि तांब्यापेक्षा पन्नास पट वाईट. यातच सगळं आलं. जिथे हवा आहे तिथे पेस्ट हवी, जिथे धातूला धातू टेकतो तिथे ती मधला अडथळा. उस्तादांना हे आकडे माहीत होते की नाही, मी कधी विचारलं नाही.

पेस्ट निवडण्यावरून आमच्या घरी आधीच एक चकमक होऊन गेली होती. आठवडाभरापूर्वी पंख्याचा आवाज वाढला तेव्हाच मी शोधाशोध सुरू केली होती आणि फौजी स्वभावाप्रमाणे सगळ्यात मोठ्या आकड्याकडे गेलो होतो. 'लिक्विड मेटल' नावाचा एक प्रकार असतो, गॅलियमचं मिश्रण, खोलीतल्या तापमानालाही पातळ. त्याचे आकडे थेट ७० च्या पुढे. मी ऑर्डर करणारच होतो तर मागून आवाज आला, "बाबा, आपला हीटसिंक अॅल्युमिनियमचा आहे."

"मग?"

"गॅलियम अॅल्युमिनियम खातं."

तिचं बरोबर होतं. गॅलियम अॅल्युमिनियमच्या कणांच्या सांध्यांत शिरतं आणि धातू बिस्किटासारखा भुगा होतो. विमानातून न्यायलाही म्हणूनच त्याच्यावर कडक नियम आहेत. शिवाय ते विजेचं वाहक, एक थेंब इकडेतिकडे ओघळला तर मदरबोर्डच संपला. तांब्याच्या तळावर, निकेलचा मुलामा असेल तर, हातात कसब असेल तर, ठीक. आमच्यासाठी नाही. हे मला माहीत असायला हवं होतं. धातुशास्त्राचा पेपर मी सिकंदराबादला दिला आहे, पासही झालो आहे.

मग मी सरळ बाजारात गेलो आणि ८.५ आकड्याची साधी, वीज न वाहणारी पेस्ट आणली. पिचकारीत चार ग्रॅम. खोक्यावरच्या आकड्यांबद्दल एवढंच सांगतो की प्रत्येक कारखाना आपापल्या पद्धतीने मोजतो, म्हणून ८.५ आणि ९ मध्ये मन अडकवू नये. बदलीवाल्या, वाळवंटवाल्या माणसाने दुसरंच पाहावं, ती किती टिकते ते. प्रोसेसर तापतो, निवतो, पुन्हा तापतो, धातू फुगतो, आक्रसतो आणि प्रत्येक खेपेला पातळ पेस्ट कडेकडेने थोडी बाहेर ढकलली जाते. तेलही हळूहळू सुटतं. घट्ट पेस्ट लावायला त्रासाची, पण दोन-तीन उन्हाळे काढते. बूट घेताना आपण चकाकी बघत नाही, शिवण बघतो.

शुक्रवारी पहाटे पाचला उठलो. दोघी झोपलेल्या. कॉम्प्युटर रात्रभर बंद, गार. हत्यार थंड झाल्याशिवाय उघडायचं नाही, हा नियम. बाजूचा पत्रा काढला आणि पहिल्यांदा जे दिसलं ते म्हणजे वाळू. हीटसिंकच्या पात्यांमध्ये दोन वर्षांचं जोधपूर गोधडीसारखं अडकून बसलेलं. तेवढं ब्रशने साफ करून थांबलो असतो तरी अर्धं काम झालं असतं, हे आज लिहून ठेवतो. पेस्टला हात घालण्याआधी धूळ काढावी आणि तापमान बघावं. पण मी पेस्ट बदलायला उठलो होतो.

चार स्क्रू, तिरपे तिरपे, थोडे थोडे सैल केले. इथपर्यंत ड्रिलप्रमाणे. हीटसिंक हलेना. वाळलेल्या पेस्टने धरून ठेवला होता. मी दोन्ही हातांनी धरला आणि सरळ वर ओढला.

टक् असा आवाज आला. हीटसिंक वर आला आणि त्याच्या पोटाला चिकटून प्रोसेसरही आला, सॉकेटची कुलूपदांडी तशीच लावलेली असताना. या पिढीच्या प्रोसेसरला पिना खालच्या बाजूला असतात, एकूण १३३१, केसाहून थोड्या जाड, आणि सॉकेट त्यांना फक्त दाबून धरतं. हे मला माहीत होतं. जानेवारी २०२० मध्ये मीच तिला समजावलं होतं. खिडकीशी जाऊन पाहिलं तर एका कोपऱ्यातल्या पिनांची रांग, सहा-सात तरी, कवायतीत चक्कर आलेल्या जवानांसारखी शेजारच्यांच्या अंगावर कललेली.

बावीस वर्षांच्या नोकरीत पहाटे साडेपाचला मी बऱ्याच वाईट गोष्टी ऐकल्या आहेत. त्यांच्यापुढे हे काहीच नाही हे डोक्याला कळत होतं. पण आत एक मुलगी झोपली होती आणि तिला सोमवारी पाचच्या आत ९६० चित्रं पाठवायची होती.

ती उठून आली तेव्हा मी हीटसिंक उलटा हातात धरून बसलो होतो. तिने पाहिलं. ओरडली नाही. मला वाटतं ओरडली असती तर बरं झालं असतं. फक्त म्हणाली, "गार असताना ओढलास?"

"हो."

"आधी दहा मिनिटं चालवून गरम करायचा. पेस्ट मऊ होते. मग डावी-उजवीकडे थोडा पिळायचा, सुटला की उचलायचा. ओढायचा नाही." आणि मग, "मागच्या वेळी मी तसंच केलं होतं."

"मागच्या वेळी कधी?"

२०२१ च्या जूनमध्ये. माझी बदली जोधपूरला झाली होती, पण वरून सुटायला मला दोन महिने लागले. अकरावी सुरू होत होती म्हणून सामान आणि या दोघी आधी गेल्या. ट्रकमध्ये हादऱ्यांनी हीटसिंक सुटून बोर्ड तुटेल म्हणून तिने पुण्यातच तो काढला, टॉवेलमध्ये गुंडाळून ट्रंकेत ठेवला आणि जोधपूरला आल्यावर नवीन पेस्ट लावून परत बसवला. एकटीने. सोळा वर्षांची होती. मी कधी विचारलं नाही की कॉम्प्युटर ट्रकने आला कसा. आला, एवढं मला माहीत होतं. सामान पोचलं का, काही तुटलं का, असं फोनवर विचारलं होतं, आणि बायकोने सगळं ठीक म्हणून सांगितलं होतं. फोन चार मिनिटांचा असायचा.

मी हीटसिंकचा तळ नीट पाहिला. कारखान्यातून येते ती करडी चौकोनी पेस्ट तिथे नव्हतीच. पातळ, जवळजवळ पारदर्शक थर होता, आणि मध्येच दोन ठिकाणी धातू कोरडा.

"एवढी कमी का लावलीस?"

"तुझ्या उस्तादांच्या हिशोबाने लावली होती," ती म्हणाली. "लगे, नहीं लगाया."

यावर काय बोलणार? उस्तादांचं चूक नव्हतं. ट्रान्झिस्टरचा तळ लहान, ते दोन्ही बाजूंना हाताने चोपडायचे, दाब पक्का. प्रोसेसरची टोपी चार सेंटिमीटरची आणि ती पूर्ण सपाट नसते, कुठे किंचित फुगीर, कुठे दबलेली. तिथे थोडी जास्त लागते. जास्त झाली तर स्प्रिंगच्या दाबाने कडेने बाहेर येते, पसारा होतो, फार नुकसान नाही. कमी पडली तर कोरडी जागा राहते आणि तिथे उष्णता अडते. वीस वर्षं मी जो किस्सा रंगवून सांगत आलो तो ज्या कामाचा होता त्याच कामाचा होता, आणि हे मी तिला कधीच सांगितलं नव्हतं.

पिना तिनेच सरळ केल्या. तिची चित्रकलेची क्लच पेन्सिल होती, शिसं काढून टाकलं की पुढे पोकळ नळी उरते. ती वाकलेल्या पिनेवर चढवायची आणि अगदी हळू उभी करायची. एका झटक्यात नाही, नाहीतर पिन मुळाशी तुटते. मी टॉर्च धरून उभा होतो. माझा भिंगाचा चष्मा तिने डोळ्यांवर घेतला होता. सात पिना, पाऊण तास. मग प्रोसेसर सॉकेटवर ठेवून पाहिला, आपल्या वजनाने आत गेला नाही. पुन्हा उचलला, एक पिन अजून थोडी तिरकी. तिसऱ्या वेळी कसलाही जोर न लावता खाली बसला. तेव्हा कुठे मला जाणवलं की बायको मघापासून दारात उभी आहे आणि चहा निवून गेला आहे.

सफाईला मी सवयीने चिंधी काढली, रायफलसाठी वापरतो तशी. "धागे सुटतात," म्हणून ती परत गेली आणि चष्मा पुसायचं फडकं आलं. आयसोप्रोपिल अल्कोहोलचे दोन थेंब, मधून बाहेर, फडक्यावर करडं यायचं थांबेपर्यंत. नंतर तिथे बोट लावायचं नाही.

आता प्रश्न किती लावायची. इंग्रजीत सगळीकडे लिहिलेलं असतं, वाटाण्याएवढी. आमच्या घरात यावर कायमचा वाद आहे, कारण वाटाणा म्हणजे कोणता? हिवाळ्यातला ओला मटार, की उसळीसाठी रात्री भिजवलेला, की कडक सुका? तिघांत दुपटीचा फरक. बायकोने डब्यातून तुरीचा अख्खा दाणा काढून पुढे ठेवला. चार-पाच मिलिमीटर. तेवढी, टोपीच्या बरोबर मध्यभागी. फुलीच्या आकारात लावतात, फाशावरच्या पाच ठिपक्यांसारखी लावतात, कार्डाने पसरवतात, यावर लोक एकमेकांची डोकी फोडायला उठतात. एवढ्या टोपीला मधला एक ठिपका पुरतो, दाब त्याला गोल पसरवतो आणि हवा कडेने बाहेर ढकलली जाते. पसरवायचीच असेल तर बुडबुडा अडकू देऊ नये, एवढंच. मी पिचकारी तिच्या हातात दिली.

हीटसिंक एकदाच, सरळ खाली. बसवून पुन्हा उचलून बघायचा मोह आवरावा, उचलला की आत हवा गेलीच. स्क्रू पुन्हा तिरपे, दोन-दोन फेरे. हे मी केलं. एवढं मला करू दिलं.

कॉम्प्युटर चालू केला. पडदा उजळायला सात-आठ सेकंद लागतात. त्या दिवशी जरा जास्त लागले असं माझं मत आहे.

आदल्या दिवशी रेंडर सुरू केल्यावर दोन मिनिटांत ९५ अंश गाठत होता. ती या प्रोसेसरची वरची मर्यादा, तिथे तो वेग कमी करतो, आणि तेवढ्याने भागलं नाही तर स्वतःला वाचवायला बंद होतो. आता ८४ वर जाऊन स्थिरावला. फार गार नाही, पण खोलीच ३६ अंशांवर होती. कुठलीही पेस्ट प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड करत नाही, खोली आणि प्रोसेसर यांच्यातलं अंतर तेवढं कमी करते. पुण्याच्या जानेवारीत हाच आकडा सत्तरच्या आसपास असता. आणि या अकरा अंशांतले किती पेस्टचे आणि किती वाळूचे, याची वाटणी मी करत नाही. लडाखमध्ये याच्या उलटा अनुभव घेतला आहे. खोलीत बुखारी विझलेली, पाणी गोठलेलं, आणि माझा लॅपटॉप मात्र पंखा फिरवून फिरवून हैराण. साडेतीन हजार मीटरवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या सत्तर टक्के राहते. पंखा तेवढाच फिरतो, पण त्याच्या ओंजळीत हवा कमी येते. आपल्यालाही धाप लागते ती त्याचमुळे.

शुक्रवारी सकाळी दहाला रेंडर सुरू झाला. दोन दिवस आम्ही तिघं त्या खोलीत आळीपाळीने ड्यूटीला होतो. कूलरचं तोंड कॉम्प्युटरकडे वळवायचं माझं सुचवणं फेटाळलं गेलं, वाळू आणि पाणी दोन्ही आत जातील म्हणून. शनिवारी दुपारी चाळीस मिनिटं वीज गेली, पण एकेक चित्र वेगळं साठवलं जात होतं, त्यामुळे एकच चित्र वाया गेलं. हेही तिने आधीच ठरवून ठेवलेलं. रात्री माझी पाळी असताना मी एकेक चित्र उघडून बघत बसलो. ट्रंक ट्रकमध्ये चढते. पुलावरून जाते. एका अंगणात उतरते, कुणीतरी ब्रशने रँक खोडून नवी लिहितं. ब्रश धरलेला हात बाईचा होता. ट्रंकेवर नाव माझं.

आमच्याकडे ते अक्षर नेहमी बायकोच लिहीत आली आहे. माझं अक्षर वाईट, असं कारण आम्ही सगळ्यांना सांगतो.

रविवारी दुपारी ९६० वं चित्र निघालं. सोमवारी फिल्म गेली. जुलैत ती हॉस्टेलला गेली, कॉम्प्युटरही गेला. निघण्याच्या आदल्या रात्री तिने दहा मिनिटं चालवून, पिळून हीटसिंक काढला, टॉवेलमध्ये गुंडाळला आणि मी ट्रंकेवर तिचं नाव लिहायला बसलो. दोन अक्षरांनंतर ब्रश माझ्या हातातून काढून घेण्यात आला.

पेस्टची पिचकारीही ती घेऊन गेली, निम्मी शिल्लक होती. आता माझाच लॅपटॉप गेले दोन महिने जेट विमानासारखा आवाज करतो आहे. धूळ काढून पाहिली, फरक नाही. दिवाळीला ती घरी येते आहे. तोवर त्याला मी हात लावलेला नाही.